बाद झालेल्यांचा नकाशा

बंदुकीच्या संगणकीय खेळांची मोठी स्पर्धा झाली की एक चित्र हमखास पाहायला मिळते. मैदानाचा वरून दिसणारा आराखडा आणि त्यावर लाल-पिवळे डाग. डाग दाट तिथे जास्त खेळाडू बाद झाले, असा त्याचा अर्थ. याला हीटमॅप म्हणतात. समालोचक त्याच्या आधारे संघाची चाल उलगडतात, प्रशिक्षक पुढच्या सामन्याची आखणी करतात. म्हणजे ही एक प्रकारची समीक्षाच आहे आणि तिला समीक्षेचे निकष लावायला हवेत. तसे लावले की मला एक दोष ठळक दिसतो. हा नकाशा मारणाऱ्याचे आणि मरणाऱ्याचे सगळे सांगतो, राखणाऱ्याविषयी मात्र चकार शब्द काढत नाही.

उदाहरणासाठी ‘व्हॅलरंट’ घेऊ. २०२० साली आलेला हा खेळ आपल्याला परका राहिलेला नाही. मुंबईचा ग्लोबल ईस्पोर्ट्स हा संघ २०२३ पासून त्याच्या पॅसिफिक लीगमध्ये खेळतो आहे. पाच विरुद्ध पाच असा सामना. एक बाजू ठरावीक जागी स्पाइक नावाचा स्फोटक लावू पाहते, दुसरी ते अडवते. एक फेरी १०० सेकंदांची. स्पाइक लागला तर पुढे ४५ सेकंदांत स्फोट. बारा फेऱ्यांनंतर बाजू बदलतात आणि तेरा फेऱ्या आधी जिंकेल तो विजयी.

आता नोंद कशी होते ते पाहू. रायट या कंपनीने बाहेरच्या प्रोग्रामरांसाठी सामन्यांची जी नोंद खुली केली आहे, तिच्यात प्रत्येक बळीपाशी मारणारा, मरणारा, वेळ आणि मरणाऱ्याची जागा असते. शिवाय त्या क्षणी जिवंत असलेले बाकीचे खेळाडू कुठे उभे होते आणि कुणाचे तोंड कुठे होते, हेही असते. स्पाइक लावताना आणि निकामी करताना पुन्हा अशीच टिपणी होते. एरवी मात्र जागेची नोंद नाही. पहिली पन्नास सेकंदे कुणीच पडले नाही, तर त्या पन्नास सेकंदांत कोण कुठे होते याचा कागद कोरा. त्यातही जागा फक्त आडव्या-उभ्या दोन अंकांत, उंची नाही. त्यामुळे माडीवरचा आणि तिच्या खालचा खेळाडू नकाशावर एकाच ठिकाणी दिसतात.

ही झाली नोंदीची मर्यादा. दुसरी त्रुटी नकाशा काढणाऱ्याची. ‘हेवन’ या मैदानात स्पाइक लावायच्या जागा दोन नसून तीन आहेत आणि अडवणारे पाचच. साहजिकच एखाद्याला एकट्याने एक टोक धरावे लागते. त्याच्या भीतीने समोरचे तिकडे फिरकलेच नाहीत, तर त्याचे काम फत्ते. दुसरीकडे कुणी पडले त्या क्षणी तो कुठे उभा होता, हे नोंदीत असते. पण हीटमॅप काढताना बहुधा मारणारा आणि मरणारा एवढेच दोघे उचलले जातात. बाकीच्यांची जागा हाताशी असून गाळली जाते.

आमच्या सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या शिवारांत, ही गोष्ट कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात म्हणून शेतकरी मचाणावर जागली करतो. पंचनामा होतो तो नासाडी झालेल्या वावराचा. ज्या वावराची रात्रभर जागून राखण झाली, त्याचा पंचनामा होत नाही. केवळ पंचनामे जुळवून नकाशा काढला, तर उत्तम राखलेली वावरे त्यावर कोरीच दिसतील.

आकडेवारीने यावर काही उपाय शोधला आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या जाणकारांत रूढ झालेला आणि व्हॅलरंटनेही घेतलेला ‘कास्ट’ हा आकडा पाहा. किती फेऱ्यांत खेळाडूने बळी घेतला, मदत केली, जिवंत राहिला किंवा त्याच्या मरणाचा सोबत्याने लगेच बदला घेतला, त्याचे ते शेकडा प्रमाण. हे पाऊल योग्य दिशेने आहे. पण नाका धरून जगलेला आणि बंदूक वाचवायला कोपऱ्यात दडून जगलेला, दोघांना त्यात सारखेच श्रेय. हा फरक जागा आणि वेळ एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

खरे तर निकष आपल्या घरातच आहे. खो-खोच्या सामन्याची मराठी वर्तमानपत्रातली बातमी काढून पाहा. कुणी किती गडी बाद केले याच्या शेजारीच कुणी किती मिनिटे संरक्षण केले हेही छापलेले असते. टिकून राहणे हाही पराक्रम, हे त्या गुणपत्रकाला ठाऊक आहे. हीटमॅपनेही एवढे करावे. चढाई आणि बचाव यांचे नकाशे वेगळे काढावेत. प्रत्येक बळीच्या वेळी उभे असलेल्यांचेही ठिपके द्यावेत. जिथे नोंदच नाही, तो काळ कोरा म्हणून दाखवावा. तांत्रिक अडचण फार नाही. संगणकावरच्या ‘पबजी’च्या खुल्या नोंदीत प्रत्येक खेळाडूची जागा साधारण दर दहा सेकंदांनी मिळते, कुणी मरो वा न मरो.

हा वाद नुसता चित्राचा नाही. २०२४ साली रायटने अमेझॉनच्या क्लाउड विभागासह एक स्पर्धा ठेवली. सामन्यांच्या नोंदी देऊन त्यांवरून व्हॅलरंटचा संघ निवडायला मदत करणारा डिजिटल सहाय्यक बनवा, असे आवाहन होते. म्हणजे निवड समितीच्या खुर्चीजवळ नोंदवही येऊन बसली आहे. लहान गावातल्या मुलाला प्रत्यक्ष बघायला कुणी येणार नाही. त्याच्याविषयी बोलेल ती ही वही. तिच्यात बळीच मोजले जातात हे कळले, की तो नाका सोडून बळींमागे धावेल. त्याला दोष कसा द्यायचा? मोजणाऱ्याने शिकवले तेच तो शिकला.