मालिका, पोथी आणि काठीखालची शाळा

‘जुन्या पिढीकडून नव्या पिढीकडे पारंपरिक ज्ञानाचे संक्रमण’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये फार शोभतं. माझ्याही सिनॉप्सिसमध्ये ते होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, ‘कोणतं ज्ञान?’ तेव्हा मला तो प्रश्न खवचट वाटला. आता वाटतं, अख्खी पीएचडी त्या दोन शब्दांवर उभी आहे.

मालिकेपासून सुरू करते. ‘दख्खनचा राजा जोतिबा’ स्टार प्रवाहवर 23 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाली. तारीख लक्षात ठेवा, कारण तेव्हा महाराष्ट्रातली देवळं बंद होती. ती उघडली 16 नोव्हेंबरला, पाडव्याला. त्या वर्षीची चैत्र यात्रा लॉकडाऊनमध्ये गेली होती, पुढच्या वर्षीचीही तशीच गेली. म्हणजे कोल्हापूर-सातारा-सांगलीकडची कितीतरी लहान पोरं वाडी रत्नागिरीचा डोंगर चढण्याआधी जोतिबाला टीव्हीवर भेटली.

कोठारे व्हिजनच्या ‘जय मल्हार’ (2014) आणि ‘विठूमाऊली’ (2017) ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. देव, असुर, दरबार आणि मधे घरगुती भावनांचा मोठा पसारा. चित्रीकरण कोल्हापूरच्या चित्रनगरीत झालं, तरी पडद्यावरचा डोंगर मला कुठल्याही देवाचा डोंगर वाटला असता. आणि तिथला वारा त्यात कुठेच नाही. हे वाक्य आत्ता विचित्र वाटेल, पण वाऱ्याकडे मी परत येणार आहे.

मालिका सुरू झाल्यावर डोंगरावरच्या पुजारी-ग्रामस्थांनी आक्षेप घेतला की कथा ‘केदारविजय’ ग्रंथाप्रमाणे नाही. ‘केदारविजय’ ही जोतिबाची ओवीबद्ध पोथी. त्यांची बाजू मला समजते. ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या त्या देवाच्या सेवेत आहेत, त्यांना आपली कथा दुसऱ्याच कुणीतरी सांगून टाकतंय असं वाटणारच. पण संशोधक म्हणून बघा. वादाच्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केली होती: जोतिबाचं ज्ञान म्हणजे जोतिबाची गोष्ट. भांडण फक्त कुठली प्रत खरी, यावर.

मीही तीच चूक केली. करवीर तालुक्यातल्या एका गावात सासनकाठीचे जुने जाणकार आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांची चाळीस मिनिटांची मुलाखत घेतली. रत्नासुराचा वध, अंबाबाईची मदत, चोपडाई, यमाई, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मी खूश. लिप्यंतर करताना काही संवाद फारच नाटकी वाटले म्हणून परत गेले आणि विचारलं, “तात्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“कोण सांगतंय बाई? रोज संध्याकाळी बघत हुतो की टीव्हीवर.”

हसू नका. अशी मुलाखत ‘दूषित’ म्हणून फेकून देण्याची घाई तर अजिबात करू नका. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबावर 1976 साली जर्मनमध्ये जे पुस्तक लिहिलं, ते धनगरांच्या ओव्या आणि कथांवर उभं आहे. त्याच्यासोबत बसलं की कळतं, गावोगावच्या कथनात फरक असणारच आणि पोथीतलं तोंडी जाणं, तोंडचं पोथीत येणं जुनंच आहे. तात्यांनी मालिकेतून घेतलं, त्यांच्या आज्यानं कीर्तनातून घेतलं असेल. फक्त कुठून आलं ते नोंदवा, एवढीच अट.

चूक वेगळीच होती. तात्यांना जे येत होतं ते मी विचारलंच नव्हतं.

ते दिसलं 2022 च्या यात्रेआधी. दोन वर्षांच्या खंडानंतरची पहिली यात्रा. संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर काठी उभी केली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: तीस-चाळीस फूट, काही त्याहूनही उंच, रंगीत कापडानं मढवलेली. एक माणूस ती पेलून हलगीच्या ठेक्यावर नाचवतो आणि चहूबाजूंनी दोऱ्या धरून बाकीचे तिचा तोल राखतात. पेलणारा पोरगा दणकट होता. तरी काठी कलायला लागली. तात्या ओरडले, “आरं ढील दे! वडतोयस कशाला? शेंड्याकडं बघ, माणसाकडं न्हवं!”

दोरी धरणारा पोरगा अठरा वर्षांचा. 2019 ला तो पंधराचा होता. दोरीला हात लावायचं वय, आणि नेमकी तीच दोन वर्षं गेली होती. अंगात ताकद आली होती, पण वारा कुठून येतोय हे काठीच्या शेंड्यावरून ओळखायची नजर आली नव्हती. डोंगरावर वारा फिरतो, गर्दीत पळायला जागा नसते. काठी पडली तर माणसांवर पडते. हे ज्ञान पोथीत नाही, मालिकेत नाही, आणि खरं सांगायचं तर तात्यांच्या तोंडातही नाही. काठी कलली तरच ते बाहेर येतं.

इथे जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर कामाला येतात. त्यांचं 1991 चं ‘सिच्युएटेड लर्निंग’ हे छोटं पुस्तक लिटरेचर रिव्ह्यूच्या आधी वाचा. लेव्हनं लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास केला होता. तिथला शिकाऊ पोरगा आधी शेवटचं काम शिकतो, म्हणजे बटणं, टाके. मग शिवण, आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. चूक झाली तरी कापड वाया जाऊ नये असा हा क्रम. काम करता करता कडेकडून मध्याकडे सरकायचं. काठीखालीही तेच आहे: आधी गुलालाची पिशवी, मग दोरी, मग काही वर्षांनी काठी. सिद्धांत इतका चपखल बसला की मला पहिल्यांदा संशयच आला नाही.

संशय आला तो एका काकूंमुळे. माळावर कडेला ताट घेऊन त्या उभ्या होत्या. काठीला ओवाळायचं कधी, नैवेद्य कुणाचा आधी, वाटेत मुक्काम कुठल्या घरी, हे त्या न अडखळता सांगत होत्या. त्यांना विचारलं, “काकू, तुम्ही कधी दोरी धरली?” त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग म्हणाल्या, “तुला तरी कुठं दिली?” खरंच होतं. मला व्हिडिओ काढायला परवानगी होती, दोरी मिळाली नव्हती.

लेव्ह-वेंगर हे पुस्तकात सत्तेबद्दल बोलतात, नाही असं नाही. पण त्यांच्या चित्रात कड ही मुख्यतः आत जाण्याची वाट आहे. मी पाहिलेल्या गावांत काहींसाठी कड हीच कायमची जागा आहे, आणि तिथेही ज्ञान साठतं, सासूकडून सुनेकडे जातं. काठीच्या मानाच्या क्रमातही असंच आहे. निनाम पाडळीची पहिली, मग विहेची. हा क्रम म्हणजे कुणाला कुठे उभं राहता येतं याची आठवण आहे. तेव्हा ‘संक्रमण’ म्हणताना कुणाकडून कुणाकडे, आणि कुणाला वगळून, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि रेकॉर्डिंग? गी पॉयटवां आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आज त्या ‘पारी’च्या संग्रहात ऐकायला मिळतात. ते काम झालं नसतं तर आपण फार गरीब असतो. पण घरोघरचं जातं गिरणीनं थांबवलं. ओवी राहिली, ती दळता दळता शिकण्याची पहाट राहिली नाही. काठीचे व्हिडिओ तर आज हजारोंनी आहेत. माझेच साठ जीबी आहेत. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांत कॅमेरा पेलणाऱ्यावर आहे, दोरीवाले चौकटीबाहेर. मी शूट केलेले परत पाहिले तेव्हा कळलं: मी पूर्ण वेळ माणसाकडं बघत होते, शेंड्याकडं नाही.

सिनॉप्सिस दुरुस्त करून दिलाय. शीर्षकातून ‘ज्ञानाचे संक्रमण’ काढलं, ‘दोरी’ घातली. समितीतल्या एका सरांनी विचारलं, हे शीर्षक शैक्षणिक वाटतं का? काकूंचं प्रकरण अजून लिहून व्हायचंय. येत्या चैत्रात त्यांच्याबरोबर ताटाशेजारी उभी राहणार आहे, कॅमेरा न घेता.