छायाचित्रातला पक्षी, गद्यातला पक्षी

भारतीय भाषांतील निसर्गलेखनाचा विचार करताना समीक्षेने एका साधनाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. ते साधन म्हणजे कॅमेरा. गावाजवळच्या तळ्यावर, माळावर किंवा राईत आठवड्यागणिक जाऊन तिथल्या पक्ष्यांची व प्राण्यांची छायाचित्रे घेणे हा आज अनेकांचा नित्यक्रम झाला आहे. त्यांपैकी काही जण लिहितातही. तेव्हा या छायाचित्रणाने निसर्गगद्याला काय दिले आणि त्यापासून काय हिरावून घेतले, हा साहित्याचाच प्रश्न ठरतो.

आपल्याकडे वन्यजीवांचे छायाचित्रण शिकारीच्या परंपरेला लागूनच वाढले. संयुक्त प्रांतात वनाधिकारी असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून, त्याच्याच पावलाने कॅमेरा चालेल अशी योजना केली. त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, हा बदल मोठाच होता. मात्र माग काढणे, दबा धरणे, गाठ पडणे आणि काहीतरी हाती लागणे ही शिकारकथेची रचना तशीच राहिली. आजच्या मराठी छायाचित्रकाराच्या बोलण्यातही पक्षी 'दिसला' यापेक्षा 'मिळाला' हे क्रियापद अधिक येते. क्रियापदातला हा फरक किरकोळ नव्हे. जो 'मिळतो' त्याची कथा तिथेच संपते. जो 'दिसतो' त्याच्याविषयी मात्र पुढे काही सांगण्यासारखे उरते.

या रचनेतून बाहेर पडण्याचा मार्ग एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांच्या कामात सापडतो. तमिळ कादंबरीकार अ. माधवय्या यांचे हे पुत्र. 'द स्टेट्समन' या दैनिकात १९५० पासून १९९६ पर्यंत त्यांनी 'कंट्री नोटबुक' हे सदर इंग्रजीतून लिहिले. हत्ती, गवे यांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. परंतु लेखनात त्यांनी कावळा, खार, पाल, गावातले कुत्रे यांनाही तितक्याच गांभीर्याने स्थान दिले. छायाचित्र क्षणाचा पुरावा देते. त्या क्षणाच्या आधीचे व नंतरचे सांगण्याचे काम गद्याचे, ही श्रमविभागणी त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसते. त्यामुळे त्यांचे गद्य छायाचित्राखालची ओळ होत नाही. छायाचित्र काढून घेतले तरी ते उभे राहते.

कन्नड लेखक पूर्णचंद्र तेजस्वी (१९३८–२००७) यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. मुडिगेरे परिसरात शेती करीत त्यांनी पक्ष्यांची छायाचित्रे घेतली आणि कथा-कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांच्या 'कर्वालो' (१९८०) या कादंबरीत एक शास्त्रज्ञ व त्याच्याभोवती जमलेली गावातली माणसे उडत्या सरड्याच्या शोधात रानात शिरतात. त्यांच्यात एक छायाचित्रकारही आहे. अखेरीस तो सरडा दरीत तरंगत निघून जातो. शोधाची परिणती प्राप्तीत होत नाही, आणि कादंबरीचा अर्थ या अप्राप्तीतच आहे. स्वतः कॅमेरा हाताळणाऱ्या लेखकाने असा शेवट करावा, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी रेखाटनाचा मार्ग धरला. रेखाटन करणाऱ्याला प्राण्याची बसण्याची ढब, मानेचा कल, शेपटीचा बाक डोळ्यांनी निवडावा लागतो, आणि ही निवड त्यांच्या वाक्यांतही उतरते. वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्षावर आधारलेली 'सत्तांतर' (१९८२) ही कृती अशा निरीक्षणाविना संभवली नसती. मारुती चितमपल्ली यांचे कार्य आणखी वेगळे. बगळ्यांच्या वीण-वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुजवले. पक्ष्यांची वसाहत छायाचित्रात दिसते, परंतु तिला नाव देण्याचे सामर्थ्य भाषेपाशीच असते. ज्या छायाचित्रकाराला स्थानिक नाव ठाऊक नसते, त्याच्या संग्रहातला पक्षी गावचा असूनही परका राहतो.

छायाचित्राची चौकट काय वगळते, हेही पाहिले पाहिजे. पुण्याजवळ मुळा-मुठेच्या काठी कवडी येथे हिवाळ्यात चक्रवाक, धोबी, शेकाटे दिसतात आणि पक्षिप्रेमी तिथे नेमाने जातात. त्याच पाण्यातून शहराचे सांडपाणी व प्लॅस्टिक वाहत येते. देखणे छायाचित्र हवे तर चौकटीतून ते दूर ठेवावे लागते. छायाचित्रकाराला हे क्षम्य मानता येईल. गद्यलेखकाला ती सवलत नाही. गद्याने ही वगळलेली बाजू परत आणली नाही, तर निसर्गलेखन देखाव्यांची यादी होईल, आणि ज्या नदीवर हे सारे अवलंबून आहे ती लेखनातून नाहीशी होईल.

याच संदर्भात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील एक व्याख्या लक्षणीय आहे. त्या कायद्याने 'शिकार' या संज्ञेत रानपक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देण्याचाही अंतर्भाव केला आहे. घरट्याभोवतीची पाने दूर सारून घेतलेले छायाचित्र पिलांना उन्हाच्या व शत्रूच्या तोंडी देते. त्या वेळी कॅमेरा आणि बंदूक यांच्यातले अंतर किती उरते, हा प्रश्न म्हणूनच केवळ आलंकारिक नाही.

यावरून निसर्गलेखनाला लावण्याजोगी एक कसोटी हाती येते. दुर्मीळ प्राण्याचे दर्शन घडले की नाही, यावरून लेखनाचे मोल ठरू नये. एकाच स्थळी वारंवार गेल्याने लेखकाच्या दृष्टीत व भाषेत काय बदलले, हे पाहावे. रोजच्या साळुंकीविषयी ज्याला विसाव्या फेरीतही नवे वाक्य सुचते, त्याच्या फेऱ्या साहित्याच्या कामी आल्या. ज्याच्यापाशी केवळ छायाचित्रांची संख्या वाढत गेली, त्याने संग्रह केला असे म्हणावे लागेल. संग्रहाचेही मोल आहे. नोंद म्हणून तो अभ्यासकाच्या उपयोगी पडेल. परंतु नोंद आणि साहित्य यांतले अंतर पार करायला कॅमेरा पुरा पडत नाही. तिथे शब्दच लागतो.