कृती सहाव्या पायरीवर

अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्स संघटनेचा सर्वोच्च सन्मान म्हणजे गोल्ड अवॉर्ड. नववी ते बारावीतल्या मुलींना तो मिळवता येतो. आपल्या परिसरातला एक प्रश्न निवडायचा, त्यावर उपाय करायचा आणि तो उपाय आपल्यामागेही चालू राहील अशी तजवीज करायची, एवढं त्याचं थोडक्यात स्वरूप. या पुरस्काराची मार्गदर्शिका म्हणजे जेमतेम काही पानांचा मजकूर. तो कुणी वाङ्मय म्हणून लिहिलेला नाही आणि वाचणाराही सहसा अर्ज भरण्यापुरताच वाचतो. पण सावकाश वाचलं तर त्याच्या रचनेत एक विचार दिसतो. किशोरवयीन मुलींकडून काय मागायचं, याचा इतका नेमका विचार मला फार थोड्या ठिकाणी आढळला आहे.

मार्गदर्शिकेत सात पायऱ्या आहेत. प्रश्न निवडा, त्याचा तपास करा, मदतीला माणसं जोडा, आराखडा करा, तो मांडा आणि त्यावरची मतं ऐका, कृती करा, मग जे कळलं ते इतरांपर्यंत पोचवा. यादी म्हणून वाचलं तर यात नवल काहीच नाही. नवल क्रमात आहे. कृती येते सहाव्या पायरीवर. समाजसेवा म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा हात हलतात: झाडू घ्या, रोपं लावा, कपडे गोळा करा. इथे मुलीचे हात पाच पायऱ्या रोखून धरलेले आहेत. मोठ्या माणसांना भारी वाटेल असं काहीतरी पटकन करून दाखवायचा उत्साह त्या वयात उतू जात असतो. त्या उत्साहाला नकार न देता हा मजकूर त्याला थांबायला लावतो.

आणखी एक बारकावा. माणसं जोडायची पायरी तिसरी आणि आराखड्याची चौथी. क्रम उलटा असता तर मुलीने आधी घरी बसून सगळं ठरवलं असतं आणि मग हाताखाली काम करणारे गोळा केले असते. बऱ्याच संस्था चालतात त्या तशाच. इथे आराखडा कागदावर उतरण्याआधी त्या प्रश्नाशी संबंध असलेली माणसं तिच्याभोवती असायला हवीत, म्हणजे आराखड्यात त्यांचंही म्हणणं उतरतं. नेतृत्व म्हणजे काय, याची व्याख्या या मजकुरात कुठे नाही, आणि तिची गरजही पडत नाही. तिसरी आणि चौथी पायरी ज्या क्रमाने ठेवली आहे त्यात ती आलेली आहे.

गोल्डच्या खाली दोन पुरस्कार आहेत. ब्रॉंझ चौथी-पाचवीतल्या मुलींसाठी, सिल्व्हर सहावी ते आठवीसाठी. तीनही एकत्र वाचले तर आणखी एक सुंदर आखणी लक्षात येते. ब्रॉंझचं काम सगळा गट मिळून करतो. सिल्व्हर लहानशा गटात किंवा एकटीने करता येतं. गोल्ड मात्र प्रत्येकीचं स्वतंत्र. दहाव्या वर्षी सगळ्या मैत्रिणींसोबत असलेली मुलगी सतराव्या वर्षी एकटी उभी राहते, आणि नेमक्या त्या टप्प्यावर तिला संघटनेबाहेरच्या माणसांना बरोबर घ्यावं लागतं: ग्रंथपाल, नर्स, नगरपरिषदेतले अधिकारी, शेजारचं वृद्धाश्रम. ती मैत्रिणींपासून सुटी होते ती अनोळखी माणसांशी जोडली जाण्यासाठी.

या विचारापर्यंत यायला संघटनेला बराच काळ लागला. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी 12 मार्च 1912 रोजी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात 18 मुलींना घेऊन हे काम सुरू केलं. सर्वोच्च सन्मानाची परंपरा 1916 पासूनची. पुढे तो गोल्डन ईगलेट नावाने प्रसिद्ध झाला आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दिला गेला. तेव्हा भर होता तो मुलीने किती कौशल्यं कमावली यावर. प्रथमोपचार, स्वयंपाक, दिशा ओळखणं अशा एकेका विषयाचं चिन्ह मिळवत जायचं. पुढे कर्व्ह्ड बार, फर्स्ट क्लास अशी नावं बदलत 1980 मध्ये आजचं गोल्ड अवॉर्ड आलं. जुना सन्मान विचारत होता, तुला काय येतं? आजचा विचारतो, तुझ्यामुळे कुणाचं काय बदललं? पहिल्या प्रश्नाला मी कमी लेखत नाही. त्या काळात मुलीला काही येतं असं म्हणणंच मोठं होतं. पण दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तो विचारणं म्हणजे तिच्यावर मोठा विश्वास टाकणं आहे.

दुसरी पायरी, तपासाची, मला सगळ्यांत आवडते. प्रश्नाचं मूळ कारण शोधा, असं तिथे सांगितलेलं आहे. मूळ कारण शोधणं किती दूर नेऊ शकतं याचं उत्तम उदाहरण गोल्डचं नाही, ब्रॉंझचं आहे.

2007 मध्ये मिशिगन राज्यातल्या मॅडिसन व्होर्वा आणि रिॲनन टॉम्टिशन या अकरा वर्षांच्या दोन मैत्रिणींनी ब्रॉंझसाठी विषय घेतला ओरांगउटानचा. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या कामाने त्या भारावल्या होत्या. इंडोनेशिया-मलेशियातले हे वानर नाहीसे होत चालले आहेत, हे लोकांना सांगायचं, इतकाच हेतू. कुठल्याही शाळेत भिंतीवर लागतं तसं एक तक्ता-प्रदर्शन करून त्या मोकळ्या झाल्या असत्या आणि त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी विचारलं, वानर का मरताहेत? जंगल तुटतंय म्हणून. जंगल का तुटतंय? पाम तेलाच्या लागवडीसाठी. मग हे तेल जातं कुठे? दोघी घरातल्या खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचू लागल्या, आणि ते तेल त्यांना गर्ल स्काउट कुकीजमध्ये सापडलं. म्हणजे दारोदार जाऊन त्या स्वतः विकत होत्या त्याच बिस्किटांत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या कुकीजचं त्या संघटनेतलं स्थान साधं नाही. 1917 मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या एका गटाने आपल्या कामांसाठी पैसे उभे करायला शाळेत कुकीज विकल्या, आणि त्यातून पुढे देशभर पसरलेली प्रथा उभी राहिली. संघटनेची ओळख, तिचा पैसा, मुलींना व्यवहार शिकवण्याची तिची पद्धत, सगळं त्या डब्यात आहे. दोन लहान मुलींच्या तपासाचं बोट शेवटी स्वतःच्याच घराकडे वळलं. दोघींनी कुकीज विकणं थांबवलं. पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या, पर्यावरण संघटनांची साथ मिळवली. जेन गुडॉल यांनीही पाठिंबा दिला. ब्रॉंझसाठी सुचवलेले तास वीस आहेत. यांचं काम वर्षानुवर्षं चाललं. 2011 मध्ये संघटनेने धोरण जाहीर केलं: पाम तेलाचा वापर शक्य तितका कमी करायचा आणि शाश्वत लागवडीला मदत करणारी ग्रीनपाम प्रमाणपत्रं विकत घ्यायची. या प्रमाणपत्रांचा पैसा शाश्वत लागवड करणाऱ्यांकडे जातो, पण कुकीमधलं तेल त्याच लागवडीतलं असेल याची खात्री त्यातून मिळत नाही. म्हणून पर्यावरणवाद्यांनी हे पाऊल अपुरं म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या दोघींना ‘फॉरेस्ट हीरोज’ सन्मान दिला.

हा प्रसंग मला मोलाचा वाटतो तो विजयामुळे नाही; विजय अर्धाच होता. मुलींनी संघटनेने शिकवलेली पद्धत संघटनेलाच लावली आणि ती पद्धत तिथेही टिकली, हे मला महत्त्वाचं वाटतं. संघटना बराच काळ अडून बसली, आणि तरी तिच्याच शिकवणीने तिला हलवलं. मुलींना प्रश्न विचारायला शिकवायचं आणि त्या आपल्याला विचारणार नाहीत अशी आशा ठेवायची, हे जमत नाही.

गोल्डच्या नियमांतली आणखी दोन कलमं याच धाग्यातली आहेत. पहिलं पैशांचं. दुसऱ्या संस्थेसाठी नुसता निधी गोळा करणं हा गोल्डचा प्रकल्प मानला जात नाही. त्यामुळे निधी गोळा करून धनादेश दिला आणि प्रकल्प झाला, हा सोपा मार्ग बंद होतो. ब्लँकेटं किंवा वह्या जमवून वाटणं एवढंच गोल्डला पुरत नाही. थंडीत ब्लँकेट देणं चांगलंच, त्याला सेवा म्हणतात आणि त्याची जागा आहे. मात्र लोकांकडे ब्लँकेट का नाही, हे ज्या कामातून उलगडत नाही त्याला हा सन्मान मिळत नाही. असं स्पष्ट सांगायला धैर्य लागतं.

दुसरं कलम प्रकल्प सल्लागाराचं. त्या विषयातली जाणकार व्यक्ती मुलीने स्वतः शोधायची, आणि ती आई-वडील नसावी. न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात मुली गर्ल स्काउट्समध्ये असणारी मराठी घरं आहेत. या कलमाचं महत्त्व त्यांना वेगळं सांगायला नको. शाळेचा प्रकल्प मुलीचा आणि रात्री जागून पुठ्ठे कापणारी आई, हे आपल्या घराघरांतलं प्रेम आहे. पण त्या प्रेमात मुलीला अनोळखी माणसाला फोन करायची वेळच येत नाही. तो फोन, त्यातली धडधड, पहिला नकार, दुसऱ्यांदा केलेला प्रयत्न: माझ्या मते या पुरस्कारातलं अर्धं शिक्षण तिथे होतं.

टिकाऊपणाची अट सगळ्यांत कडक आहे. मुलगी बारावी करून दुसऱ्या गावी शिकायला गेली तरी काम चालू राहिलं पाहिजे; ते कोण चालवणार हे तिला दाखवावं लागतं. म्हणजे आपल्यावाचून चालेल अशी व्यवस्था उभी करण्याबद्दल हा सन्मान दिला जातो. वाचनालयात मुलांचा वाचनवर्ग सुरू केला तर तो ग्रंथपालाच्या वेळापत्रकात बसवून द्यायचा, पुढच्या स्वयंसेवकांसाठी टिपणं लिहून ठेवायची. आपलं नाव पुसलं गेलं तरी काम राहील असं बघायला सतराव्या वर्षी शिकणं सोपं नसतं. पुष्कळांना ते साठाव्या वर्षीही जमत नाही.

मजकुराची दुबळी बाजूही आहे. गोल्डसाठी किमान ऐंशी तास सुचवलेले आहेत, सिल्व्हरसाठी पन्नास. हेतू चांगला आहे, काम उथळ राहू नये हा. तरी आकडा दिसला की मन आकड्याला चिकटतं. ऐंशी तास भरले का, हा प्रश्न घरात विचारला जाऊ लागला की तपासाची पायरी घाईत उरकली जाते. परिणाम मोजता यावा या अटीचंही तेच. मोजणं हवंच, नाहीतर केलं म्हणणं आणि घडलं म्हणणं यांत फरक राहत नाही. पण डोकी मोजणं सोपं, एखाद्या वस्तीची सवय बदलली का हे पाहणं कठीण, आणि सोपं तेच आधी लिहिलं जातं. शिवाय ज्या मुलीला संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळायचं आहे, जिच्या घरी गाडी नाही, तिचे ऐंशी तास आणि दुसरीचे ऐंशी तास एक नसतात. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी याचा अधिक विचार करायला हवा.

आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. जगभरच्या गर्ल गाइड्सचं ‘संगम’ हे केंद्र 1966 पासून पुण्यात आहे. म्हणजे ही चळवळ आपल्याला परकी नाही. आपल्या गाइड कॅप्टननी गोल्डच्या मार्गदर्शिकेतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायऱ्या घेऊन पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींनी स्वच्छतागृह घासून काढलं. चांगलं केलं. पण महिन्याभरात ते पुन्हा बंद पडतं, कारण टाकीत पाणी चढत नाही. का चढत नाही? मोटार बिघडली आहे की वीजबिल थकलं आहे? बिल भरायचं कुणी, शाळेने की ग्रामपंचायतीने? मुलींनी हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारावं, ग्रामसेवकांना भेटावं, गावातल्या वायरमनला आपल्या गटात घ्यावं आणि ग्रामसभेत उभं राहून मांडावं. झाडू त्यानंतर हातात घेतला तरी चालेल.