‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची चित्रे : घडण आणि पुसण

लघुचित्र पूर्ण झाले म्हणजे त्याच्या घडणीच्या पायऱ्या दृष्टीआड होतात. कच्ची रेखा, पांढरे अस्तर, रंगांचे थर, घोटाई आणि शेवटची बारीक रेघ हा क्रम चित्रकाराच्या हाताला ठाऊक असतो. पाहणाऱ्यास त्यातले काहीच दिसत नाही, आणि दिसू नये हेच त्या कलेचे कौशल्य होय. अशा चित्रांच्या प्रगतीची नोंद ठेवावयाची तर ती कोणत्या आधारे, हा प्रश्न अहमदनगरच्या निजामशाही चित्रांबाबत विशेष बिकट होतो. कारण चित्रशाळेचे दप्तर हाती नाही. उरली आहेत ती चित्रेच.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही आफताबी कवीच्या फारसी काव्याची सचित्र पोथी या दृष्टीने अमोल आहे. हुसेन निजामशाहाची स्तुती, राणी खुंझा हुमायूनचे सौंदर्यवर्णन आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतील विजय हे तिचे विषय. तीत आज १२ चित्रे आहेत. तालिकोटनंतर काही महिन्यांतच हुसेनशाह वारला, अल्पवयीन मुर्तझाच्या नावाने खुंझा हुमायून कारभार पाहू लागली, आणि १५६९ मध्ये मुर्तझाने तिला सत्तेवरून दूर केले. राणीला इतके मानाचे स्थान देणारी चित्रे १५६५ ते १५६९ याच अवधीत संभवतात. पोथीचा काळ ठरतो तो असा, दरबाराच्या घडामोडींवरून.

या पोथीविषयी लिहिणाऱ्यांचा कल तिला दक्षिणी चित्रकलेचा आद्य नमुना म्हणून गौरवून पुढे जाण्याकडे असतो. उंच बांध्याच्या, लांब वेणीच्या, चोळी ल्यालेल्या स्त्रिया एकीकडे आणि इराणी वळणाची सोनेरी पार्श्वभूमी दुसरीकडे, हा संगम खरोखरच वेधक आहे. राणीच्या सौंदर्याच्या प्रकरणात तर स्त्रीच्या स्पर्शाने झाड मोहरते, हा संस्कृत काव्यातील दोहदाचा संकेत फारसी पोथीत येऊन बसला आहे. पण वर्णन येथेच थांबते तेव्हा पोथीतली सर्वांत बोलकी गोष्ट निसटते. राजाशेजारी राणीची आकृती जेथे होती, तेथे बहुतेक ठिकाणी ती पुसून टाकलेली आहे. राजा तसाच आहे, दासी तशाच आहेत; मधली जागा तेवढी निस्तेज.

काही वर्णनांत याची नोंद ‘चित्र खराब झालेले’ अशी होते. ही नोंद अपुरी, किंबहुना चुकीची आहे. वाळवी वा ओल अशी निवड करीत नाही. येथे निवड आहे. पुसणाऱ्याने पान फाडले नाही, राजाला धक्का लावला नाही, एका व्यक्तीलाच हेरले. राणी पदच्युत झाल्यानंतर मुर्तझाच्या कारकीर्दीत हे घडले असावे, हा तर्क मान्य होण्यासारखा आहे; मात्र पुसणारा हात कोणाचा, हे तो सांगत नाही. दोहदचित्रातील स्त्री मात्र शाबूत आहे. तिला काव्यातली नायिका समजून सोडले, की घाईत ती राणी म्हणून ओळखलीच गेली नाही? उत्तर काही असो, पुसण्यातही वाचन होते, हे यावरून दिसते.

म्हणून या पोथीची नोंद करताना रेखा, अस्तर आणि रंग यांच्या बरोबरीने पुसणे हीही एक अवस्था म्हणून स्वतंत्रपणे दाखल व्हावयास हवी. कोणत्या पानावर किती भाग गेला, रंग घासला गेला की वर दुसरा चढविला, खालची बाह्यरेषा कोठवर दिसते, यांचा पानवार तपशील हवा. जीर्णोद्धाराच्या उत्साहात ती जागा ‘भरून’ काढली तर चित्राचा निम्मा इतिहास जाईल. गो. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी १९८७ मध्ये मंडळातर्फे हे काव्य अनुवादासह संपादून प्रसिद्ध केल्याने मजकूर आणि चित्र समोरासमोर ठेवण्याची सोय झाली आहे. काव्यात राणीचे वर्णन शाबूत असून चित्रात ती नाही, ही विसंगती त्या तुलनेतच उघडी पडते. शब्दांकडे पुसणाऱ्याचे लक्ष गेले नाही.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील, सुमारे १५७५ चे मुर्तझाचे मानले जाणारे चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. रेषा आता अधिक आत्मविश्वासाची आहे, आणि राजाच्या शेजारी राणी नाही.