दिवा मालवल्यानंतर

मराठी कथेत दिवे फार जातात. वीजमंडळाला दोष देऊ नका, दिवा लेखकच मालवतो. नायक-नायिका जवळ सरकली की एक फुंकर, तीन टिंबं, आणि पुढच्या परिच्छेदात थेट कोंबडा आरवतो. टिंबांनी ज्यांचं समाधान होत नाही ते निसर्गाला कामाला लावतात. मग वेली वृक्षांना बिलगतात, लाटा किनाऱ्यावर फुटतात. जोडपं सदाशिव पेठेत राहत असलं तरी लाटा फुटतातच!

लेखकांनी बिचकावं असे दिवस होते, हे मान्य. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या बाईंना विभावरी शिरूरकर हे नाव पांघरावं लागलं. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली; ती अश्लील नाही, हे ठरायला सर्वोच्च न्यायालय आणि १९६९ साल उजाडावं लागलं. सुटा उतारा पाहू नका, सगळी गोष्ट पाहा, हे त्या निकालातलं सूत्र. मला तर हा समीक्षेचाच धडा वाटतो. जो शृंगार उचलून दुसऱ्या कुठल्याही कथेत बेमालूम बसतो, तो पहिल्या कथेत तरी कशाला हवा?

हे शहाणपण अर्थात उसनं आहे. चाळीत राहत होतो तेव्हा मीही एक प्रेमकथा लिहिली होती. वेली, लाटा, सगळा सरंजाम होता. बायकोनं तांदूळ निवडता निवडता ती वाचली.

"अहो, ही नलिनी चार पानं केवढी बडबडत होती. दिवा गेल्यावर मुकी झाली का?"

"उत्कट क्षण आहे तो," मी म्हणालो.

"असेल. पण दुसऱ्या पानावर तिच्या पाठीत उसण भरली होती ना? ती कुठे गेली?"

मी गप्प. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आणि त्याला काय काय वाटलं ते दीड पान आहे. तिला काय वाटलं, ते कुणी विचारलंच नाही."

हा शेरा नक्की कथेवरच होता ना, हे विचारायचा मला धीर झाला नाही. भिंतीपलीकडे शेजारी खोकत होते.

त्या रात्री मी ते पान नव्यानं लिहिलं. नायक आधी नलिनीच्या पाठीला बाम चोळतो. पलीकडे कुणी खोकतं आणि दोघांना हसू फुटतं. ते दाबताना तिचं कपाळ त्याच्या खांद्याला टेकतं. मग तो विचारतो, "दुखतंय का?" आणि ती खरं काय ते सांगते. लाटा नाहीत. दिवासुद्धा तीच मालवते.

संपादकांनी कथा साभार परत पाठवली. शेरा होता, 'प्रसंग पुरेसा उत्कट नाही.'

ते बाड पुढे कुठे गेलं कोण जाणे. परवा औषधाची चिठ्ठी शोधताना बायकोच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडलं. मी ते होतं तसं ठेवून दिलं.