किल्ली कोणाच्या हाती?

आपल्या चळवळीला छापखान्याचे मोल नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, 'केसरी'ने छापली नाही. या नकाराचा अर्थ बाबासाहेबांनी नेमका ओळखला होता. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द दुसऱ्याच्या मर्जीने उमटतो आणि त्याच्याच मर्जीने थांबतो. म्हणून 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' हा केवळ पत्रांचा इतिहास नाही. त्याच इतिहासात भारत भूषण छापखानाही आहे. खिळे, शाई, कागद आणि थकलेली बिले हाही त्या लढ्याचाच भाग होता.

आज असे सांगितले जाते की छापखान्याचा हा प्रश्न आता सुटला. वर्डप्रेस, जूमला, द्रुपल अशा मुक्तस्रोत प्रणाली कोणालाही मिळतात. प्रोग्रॅमिंग न शिकता लेख लिहिता येतो, चित्र लावता येते, बटण दाबले की तो जगभर वाचता येतो. मग संपादकांच्या दारात उभे राहायचे कारणच काय? दुसरीकडे आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात की हे सारे प्रस्थापितांचे यंत्र आहे. आपली भाकरी त्यावर भाजणार नाही. या दोन्ही भूमिका मला अपुऱ्या वाटतात. पहिली भूमिका मालकीचा प्रश्न विसरते. दुसरी भूमिका हाती येऊ शकणारे हत्यार न पाहताच टाकून देते.

आधी हत्याराची ताकद मान्य करू. २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी या हत्याकांडाची खरी दखल घ्यायला कित्येक आठवडे लावले. त्या काळात कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल, ईमेल आणि आपल्या मुलांनी चालवलेली इंटरनेटवरची पाने यांनी हा विषय जिवंत ठेवला. 'केसरी'ने नाकारलेल्या जाहिरातीला शहाऐंशी वर्षांनी मिळालेले ते एक उत्तर होते, असे मी मानतो.

आता या प्रणालीची जन्मकथा पाहू, कारण तिच्यात आपल्यासाठी एक धडा आहे. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने 'बी-टू' नावाची एक प्रणाली लिहिली होती. पुढे त्याचा वावर थांबला आणि काम अर्धवट पडले. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतील मॅट मुलेनवेग या तरुणाने आपण हे काम पुढे नेऊ इच्छितो असे जाहीरपणे लिहिले. इंग्लंडमधील माइक लिटल याने कळवले की तू करणार असशील तर मी सोबत आहे. त्याच वर्षी २७ मे रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. माइक लिटल कृष्णवर्णीय आहे. वर्डप्रेस म्हटले की जगाला मुलेनवेग आठवतो, लिटल क्वचितच आठवतो. हा विसर कसा पडतो, हे आपल्या वाचकाला सांगायला नको.

दोन अनोळखी माणसांना तिसऱ्याचे थांबलेले काम असे उचलता आले कशामुळे? बी-टूचा परवाना जीपीएल होता म्हणून. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या चळवळीतून हा परवाना आला. प्रणाली वापरण्याचा, ती आतून वाचण्याचा, तिच्यात बदल करण्याचा आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचा हक्क तो देतो. इंग्रजीत 'मुक्त' आणि 'फुकट' यांना एकच शब्द असल्याने स्टॉलमन यांना हा फरक जन्मभर समजावून सांगावा लागला. मराठीत शब्द वेगळे आहेत, तरीही आपण घोळ करतो. फुकट हे दान असते, आणि देणारा ते केव्हाही परत घेतो. मुक्त हा हक्क असतो. दान आणि हक्क यांतील फरकावर तर आपली सबंध चळवळ उभी आहे.

आपल्या नियतकालिकांचे काय झाले ते आठवा. कितीतरी अनियतकालिके एका माणसाच्या पगारावर आणि एका माणसाच्या घरातल्या ट्रंकेवर चालली. तो माणूस थकला की अंक थांबला, तो गेला की फाइली रद्दीत गेल्या. काम माणसाबरोबर मरू नये याची सोय आपण केली नाही. परवान्याने ही सोय करता येते, एवढे तरी बी-टूच्या कथेतून आपण घ्यायला हवे.

पण परवाना मुक्त असला म्हणून संकेतस्थळ आपले होत नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, सौंदडला शिकलो. माझे वडील भातगिरणीत हमाली करीत. घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नव्हते. नोकरी लागल्यावर आम्ही काही शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी एक अभ्यासमंडळ सुरू केले. या झाडीपट्टीतल्या आपल्या माणसांच्या आठवणी आणि गाणी आम्ही गोळा करू लागलो. रोवणीला जाणाऱ्या बायांची भीमगीते होती. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेबांची सभा पोरवयात पाहिलेल्या एका आबांचे कथन होते. ते दोन तास झाडी बोलीत बोलले होते. हे सारे लोकांपुढे यावे म्हणून शहरातल्या एका व्यावसायिकाकडून आम्ही संकेतस्थळ करून घेतले. ते वर्डप्रेसवर होते. वर्गणी काढून पैसे दिले. उद्घाटन झाले, हार झाले, फोटो झाले.

पाच वर्षांनी एके सकाळी पान उघडेना. फोन केला. "सर, डोमेन रिन्यू झालं नाही. सर्व्हरही बदलला आम्ही. बॅकअप नाही आमच्याकडे." डोमेन त्याच्या नावावर होते. सर्व्हरचे खाते त्याचे होते आणि पासवर्ड त्याच्याकडे होता. मूळ ध्वनिमुद्रणे ज्या मोबाइलवर होती, तो मोबाइल केव्हाच विकला गेला होता. आबा तर दोन वर्षांपूर्वीच वारले होते. दोष एकट्या त्याचा नव्हता. आम्ही कधी विचारलेच नव्हते. प्रणाली मुक्त होती, आणि तिची किल्ली मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या खिशात होती. अज्ञान लादले जाते हे खरे, पण ते पुढे चालवण्यात आपलाही हात असतो. आबांच्या मुलाला हे सांगताना मला जी शरम वाटली, तिच्यातून हा लेख आला आहे.

आता प्रणालीच्या आत डोकावू. वर्डप्रेसमध्ये माणसांच्या पाच पायऱ्या आधीच घालून दिलेल्या असतात. सर्वांत वर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. त्याच्या हाती सर्व काही. मग एडिटर, जो इतरांचे लेखही सुधारतो आणि प्रसिद्ध करतो. मग ऑथर, जो फक्त स्वतःचे प्रसिद्ध करतो. मग कॉन्ट्रिब्यूटर, त्याला लिहिता येते, पण प्रसिद्ध करता येत नाही आणि साधे छायाचित्रही चढवता येत नाही. तळाला सबस्क्रायबर, ज्याने वाचावे. वाचकाला चातुर्वर्ण्य आठवेल आणि बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमताही आठवेल. पण साम्य दिसले की टाळी वाजवून थांबू नये. येथे पायरी जन्माने मिळत नाही. कामाने मिळते आणि दोन क्षणांत बदलता येते. तेव्हा ती बदलली गेली नाही तर दोष प्रणालीचा नाही, आपला आहे. आमच्या पहिल्या संकेतस्थळावर गाणी बायांची होती आणि ऑथर सगळे पुरुष होते. एकाही गाण्याखाली गाणारीचे नाव नव्हते. 'लोकगीत' एवढेच लिहिले होते. ज्या प्रस्थापित संग्राहकांना आपण सभेत जाब विचारतो, त्यांनी यापेक्षा वेगळे काय केले होते?

वर्गवारीचेही असेच आहे. या प्रणालीत प्रत्येक लेखाला कुठल्यातरी वर्गात बसावे लागते. जो कुठेच बसत नाही तो आपोआप 'अनकॅटेगराइज्ड' या खात्यात पडतो. मराठीत त्याला अवर्गीकृत म्हणता येईल. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे खाते ओळखीचे आहे. शहरातून तयार आलेल्या मेनूत 'आमच्याविषयी', 'कार्यक्रम', 'फोटो गॅलरी' असे रकाने होते. आबांचे कथन त्यातल्या कशात बसत नव्हते, म्हणून ते अवर्गीकृत राहिले. खरे तर वर्ग आपण बनवायचे असतात. गावानुसार, सालानुसार, बोलीनुसार, सांगणाऱ्यानुसार असे ते हवेत. रकान्यांना नावे देणे हे किरकोळ काम नाही. ज्याने नावे दिली त्यानेच आपल्याला इतकी शतके खालच्या रकान्यात ठेवले.

आपल्या अनेक संकेतस्थळांवर बाबासाहेबांचे छायाचित्र असते, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरचे संदेश असतात, पुढाऱ्यांचे हार असतात. लेखाखाली लेखकाचे नाव नसते आणि तारीख नसते. उतारा कोणत्या पुस्तकातला ते नसते. कितीतरी जुना मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला आहे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसेल तर पानावर निरर्थक खुणा उरतात आणि शोधयंत्रालाही त्यात काही सापडत नाही. मजकूर असून नसल्यासारखा होतो. युनिकोडमध्ये बदल करून घेतल्याशिवाय तो उद्याच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचणार नाही. श्रद्धेने हे काम होत नाही, त्यासाठी बसून टाइप तपासावे लागते.

मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही मराठी संकेतस्थळे द्रुपलवर उभी राहिली. ज्यांच्या घरी संगणक आधी आला त्यांनी ते तंत्र आधी शिकून घेतले. त्याबद्दल त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. या द्रुपलच्या नावाची गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. डच भाषेत गावाला 'दोर्प' म्हणतात. द्रुपलचा कर्ता द्रीस बायटार्ट याला आपल्या पानासाठी तेच नाव हवे होते. टाइप करताना अक्षरे उलटसुलट होऊन 'ड्रॉप', म्हणजे थेंब झाले, आणि पुढे थेंबाच्या डच शब्दावरून द्रुपल आले. संविधानसभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेब गावाविषयी काय म्हणाले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही चूक बरीच वाटेल. नवे तंत्र घेऊन पुन्हा जुने गावच वसवायचे असेल तर उपयोग नाही.

आणि मुक्तस्रोताचे जगही निर्दोष नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या कंपनीत वाद पेटला. त्या कंपनीला वर्डप्रेसच्या मध्यवर्ती साठ्याचे दार बंद करण्यात आले आणि तिच्या ग्राहकांच्या संकेतस्थळांची नित्याची सुधारणा अडली. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयाने दार पुन्हा उघडण्याचा आदेश दिला. परवाना सर्वांचा होता, तरी साठ्याची कडी एकाच्या हाती होती. आमच्या सौंदडच्या फजितीचेच हे मोठे रूप होय.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर असावे. त्याचे वार्षिक भाडे वर्गणीच्या वहीत कायम खर्च म्हणून लिहावे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निदान दोन असावेत, आणि त्यांतली एक बाई असावी. डेटाबेस आणि चढवलेल्या फाइली या दोहोंची प्रत दर महिन्याला काढून दोन वेगळ्या घरी ठेवावी. एकीवाचून दुसरी अपुरी असते. प्रणाली आणि तिचे प्लगइन वेळच्या वेळी अद्ययावत करावेत, कारण शिळ्या प्लगइनमधूनच चोर शिरतो. फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर लिहावे, पण ती दुसऱ्याची भिंत आहे हे समजून. मूळ प्रत आपल्या घरी हवी.

आमचे नवे संकेतस्थळ आता दोन विद्यार्थी आणि एक अंगणवाडी सेविका सांभाळतात. त्यांना पहिल्यांदा वर्डप्रेस उभे करायला तीन दिवस लागले. नंतर ते त्यांनी स्वतः पुसले आणि एका दुपारी पुन्हा उभे केले. हे पुसून पुन्हा उभे करता येणे, यालाच मी मालकी म्हणतो. प्रत्येक गाण्याखाली आता गाणारीचे नाव, गाव आणि तारीख आहे. आबांचे कथन मात्र परत आलेले नाही. त्यांच्या नावाचे एक पान आम्ही रिकामे ठेवले आहे आणि ते का रिकामे आहे, हे त्यावर लिहिले आहे.

वाचकहो, आपापल्या संस्थेच्या संकेतस्थळाची किल्ली आज कोणाकडे आहे, एवढे विचारून पाहा. उत्तर देताना कोणी चाचरले, तर त्याच दिवशी कामाला लागा. आपल्या वस्त्यांतील अनेक आबा अजून बोलू शकतात, पण फार दिवस नाही.