‘केटी लागणे’

मुरबाड-शहापूरकडील महाविद्यालयीन विद्यार्थी ‘केटी लागली’ म्हणतो, तेव्हा भाषाशुद्धीचे कैवारी नाक मुरडतात. आमच्या मते ते घाई करतात. शब्द परका खरा. मूळ अर्थ इतकाच की, नापास झालेला विषय शिल्लक ठेवून पुढील वर्गाच्या टर्म भरण्यास विद्यापीठाने दिलेली परवानगी. म्हणजे सवलतच! परंतु मराठीने तिला स्त्रीलिंग दिले आणि क्रियापदे दिली ती ग्रहणाची: केटी लागते, केटी सुटते. नियमावलीने जिला सवलत मानले, तिच्यातील डाग बोलीने अचूक हेरला. अमेरिकन विद्यार्थी ‘फ्लंक’ होतो, तो आपल्या करणीने. आमच्या विद्यार्थ्यास केटी ‘लागते’, जणू सारा दोष राहूचा! ही पळवाट मात्र आम्हांस रुचत नाही.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती व मुंबई विद्यापीठ, दोन्ही १८५७ ची. तेव्हा त्याच्या कोशात असे शब्द नसणे क्षम्य आहे. त्याने कोकणातले बोलीशब्दही टिपले. आजच्या कोशकाराने कट्ट्यावर जाण्यास का लाजावे?

गावी आईस केटी ठाऊक नसते. तिला तो ‘पुढल्या वर्गात गेलो’ एवढेच सांगतो. आणि तेही खोटे नसते.